मृगाच्या पावसात रोपे कोलमडतात : कोल्हापूर परिसरातील परसबागेसाठी समस्या निवारण

कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांतील परसबागांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. वांगी, मिरची आणि टोमॅटोची रोपे वळवाच्या एकदोन सरींनी तरारून उठतात, मृग लागून झड बसली की आडवी होतात, आणि पुन्हा बी टाकले तरी तेच घडते. दोष बहुधा बियाण्यावर जातो. दुकान बदलले जाते, पाकीट बदलले जाते, वाफा मात्र तोच राहतो. बियाणे कधीतरी खराब असतेच, परंतु दरवर्षी, त्याच कोपऱ्यात, त्याच आठवड्यात रोपे मरत असतील तर कारण बियाण्याच्या पाकिटात शोधण्यात अर्थ नाही.

माझ्या मते या समस्येचे मूळ असे आहे की उन्हाळ्यात पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली रचना पाऊस सुरू झाल्यावरही तशीच राहते. खोलगट आळी, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली असलेले सपाट वाफे, बुंध्याला टेकलेले पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणि डोक्यावरची हिरवी जाळी या चारही गोष्टी एप्रिल-मेमध्ये रोप जगवतात. जूनमध्ये त्याच रोपाच्या मुळावर येतात. म्हणून खाली सुचवलेली बहुतेक कामे औषधाची नसून मे महिन्यात, पावसाआधी, फावडे घेऊन करावयाची आहेत.

आधी रोप उपटून पाहावे

रोप मेले की सरसकट ‘मर आली’ असे म्हटले जाते, आणि मग कारण कोणतेही असो, एकच औषध ओतले जाते. निदानाला पाच मिनिटे लागतात व त्यासाठी भिंग लागत नाही. नुकतेच आडवे झालेले रोप मुळासकट अलगद काढावे, पाण्यात हलवून माती धुवावी आणि खोड मातीला भिडते तो भाग नीट पाहावा.

त्या जागी सुमारे एक सेंटिमीटरचा पट्टा पाणी मुरल्यासारखा ओलसर, पुढे तपकिरी आणि शेवटी दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसला, आणि वरची पाने मात्र अजून हिरवीच असली, तर ती रोपवाटिकेतील मर, म्हणजे रोपे कोलमडणे होय. पिथियम व रायझोक्टोनिया या जमिनीतील बुरशी त्यास प्रामुख्याने कारणीभूत असतात. पैकी पिथियमचे बीजाणू पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत जातात. म्हणूनच रोपे एकेकटी न पडता वाफ्याच्या सखल भागात गोल चकतीसारखी पडत जातात आणि तो गोल दररोज मोठा होतो. पाणी साचले नाही तर पिथियमला असे पोहता येत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढील सर्व उपायांचा हेतू उलगडतो.

खोड बारीक न होता कात्रीने कापल्यासारखे तुटलेले असेल, तर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही. तुटलेल्या रोपाभोवतीची माती दोन बोटे खोल उकरावी. बहुतेक वेळा तिथेच अंगाचे वेटोळे करून पडलेली मातकट रंगाची, रोपे कुरतडणारी अळी सापडते. ती रात्री खाते आणि दिवसा मातीत दडते, त्यामुळे सकाळी रोप तुटलेले दिसते, अपराधी दिसत नाही. अळी वेचून मारावी आणि राहिलेल्या रोपांच्या बुंध्याभोवती जाड कागदाचे किंवा कापलेल्या प्लास्टिक पेल्याचे कडे मातीत थोडे रोवून ठेवावे.

पाने वेडीवाकडी खाल्लेली असतील आणि जवळपास चकचकीत वाळलेला माग दिसत असेल, तर ते काम गोगलगायीचे आहे. यावर कोल्हापूरकरांना वेगळा खर्च करावा लागत नाही, कारण गूळ घरातच असतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांच्या कडेने अंथरावीत. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या अथवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यात टाकू नये. चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंतच उपयोगी पडते, तेव्हा भर पावसात तिच्यावर विसंबता येत नाही.

रोप चांगले हातभर वाढले, एखादे फूलही दिसले, आणि पाने पिवळी न पडता ते हिरवेच्या हिरवे मान टाकू लागले, तर जिवाणूजन्य मर तपासावी. खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा स्वच्छ कापून काचेच्या पेल्यातील नितळ पाण्यात उभा, स्थिर धरावा. रोग असेल तर थोड्याच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट, धुरकट धागे सावकाश खाली उतरताना दिसतात. राल्स्टोनिया या जिवाणूमुळे होणारा हा रोग टोमॅटो, वांगी व मिरची या तिन्ही पिकांवर येतो आणि आम्ल जमिनीत जास्त बळावतो. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या पश्चिमेकडील तांबड्या जमिनींत त्याची शंका अगोदर घ्यावी. त्यावर घरगुती अथवा दुकानी असा खात्रीचा उपाय नाही. रोप मातीसकट उपटून बागेबाहेर नष्ट करावे आणि त्या जागी पुढील दोन-तीन वर्षे या कुळातील कोणतेही पीक न घेता मका, भेंडी किंवा गवार घ्यावी.

जुलै-ऑगस्टमध्ये सुकणारे रोप हलक्या हाताने ओढताच मुळाशिवाय वर येत असेल, तर खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी पांढरी अळी, आहे. उसाच्या पट्ट्यात तिची ओळख करून देण्याची गरज नाही. परसबागेत ती बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर येते. त्यामुळे मे महिन्यात ‘शेण चांगलं आहे’ म्हणून घरपोच आलेली पाटी वाफ्यात रिकामी करण्यापूर्वी ती उकरून पाहावी. हाताला गरम लागणारे, शेणाचा वास असणारे खत त्या हंगामात वापरू नये.

बी उगवलेच नाही तर

ही वेगळी तक्रार आहे, तिचे उत्तरही मातीत उकरूनच मिळते. बी मऊ पडून बोटांत चिरडले गेले तर ते कुजले आहे. नुसते टरफल मिळाले तर मुंग्यांनी काम उरकले आहे. अंकुर फुटलेला असूनही वाकडा होऊन मातीखालीच अडकलेला दिसला, तर वळवाच्या टपोऱ्या थेंबांनी काळी माती चोपली गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तिच्यावर पपडी धरली, असे समजावे. अशा वेळी हाताने हलकेच पाणी शिंपडून पपडी मऊ करावी. खुरप्याने फोडू नये, कारण खुरप्याच्या टोकाला सर्वांत आधी अंकुरच लागतो. पुढील पेरणीत बियांवर मातीऐवजी चाळलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा पातळ थर द्यावा, म्हणजे पपडी धरत नाही.

पाणी किती वेळात मुरते, ते मोजावे

पंचगंगेच्या काठच्या कसबा बावडा, शिंगणापूर, वडणगे या बाजूची माती खोल, काळी आणि मळईची आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी अडवते. चढावरच्या मुरमाड जागेत पाणी पटकन उतरते खरे, परंतु नव्या वसाहतींतील परड्यात वरची सहा इंच माती विकत आणून टाकलेली असते आणि खाली बांधकामाच्या वेळी रोलरने दाबलेला मुरूम असतो. तिथे कुंडीच्या तळाला भोक नसल्यासारखी अवस्था होते. आपल्या अंगणात यांपैकी काय आहे, हे गावाच्या नावावरून ठरवू नये, मोजून ठरवावे.

त्यासाठी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, पाण्याने काठोकाठ भरावा आणि ते पूर्ण मुरू द्यावे. लगेच पुन्हा भरावा आणि आत काठी उभी करून तासाभरात पातळी किती उतरते ते पाहावे. तासाला एक इंचापेक्षा, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर त्या जागी सपाट वाफ्यात पावसाळी रोपे करू नयेत. मग बियाणे कितीही नामांकित असो. माती परीक्षण करून घ्यावयाचे असल्यास ते पेरणीच्या तोंडावर न करता मेच्या सुरुवातीस करावे, म्हणजे अहवाल हाती येईपर्यंत हंगाम निघून जात नाही.

मे महिन्यातील कामे

पूर्वी रोहिणी निघाल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास, ही कामे काढली तरी मृगापर्यंत, ७-८ जूनपर्यंत, पुरेसा अवधी मिळत असे. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, तेव्हा हा हिशेब पार कोलमडला. त्यामुळे आता अक्षय्य तृतीयेनंतर हातात येईल त्या रविवारी सुरुवात करावी आणि २० मेपर्यंत मातीचे काम संपवावे, असे मी सुचवतो. ओल्या काळ्या मातीत फावडे घातले की तिची ढेकळे दगडासारखी होतात आणि ती पूर्ण पावसाळाभर सुधारत नाहीत.

सर्वांत पहिले काम आळी मोडण्याचे. उन्हाळाभर जगवलेल्या वांगी-मिरचीच्या झाडांभोवती, शेवगा-कढीपत्त्याभोवती जी खोलगट आळी केलेली असतात, त्यांच्या कडांची माती आत ओढून बुंध्याशी उलट उंचवटा करावा, जेणेकरून पाणी बुंध्याकडे न येता बाहेर जाईल. भर देताना कलम केलेल्या रोपाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नये. काम साधे आहे आणि नेमके तेच राहून जाते, कारण पावसाळ्याच्या आधी भाजीला पाणी देणारा माणूस आळे मोडायला मनाने तयार नसतो.

रोपांसाठी गादीवाफा करावा. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफ्यावर पाय पडत नाही, उंची किमान १५ सेंटिमीटर, काळ्या जमिनीत २० सेंटिमीटर ठेवावी, लांबी जागेप्रमाणे. वाफ्याचा माथा मध्यभागी किंचित फुगीर असावा. नुसता वाफा उंच करून भागत नाही, भोवतीच्या चरीला उतार देऊन तिचे तोंड गटारीकडे किंवा बागेबाहेर उघडे करावे लागते. चारी बाजूंनी विटांची सुबक बंदिस्त चौकट केलेले वाफे छायाचित्रात छान दिसतात, पण तळाशी पाणी जायला फट नसेल तर तो वाफा नसून हौद होतो. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ) मिळत असेल तर तीही पूर्ण कुजलेलीच घ्यावी.

ज्या वाफ्यात मागील वर्षी रोपे कोलमडली तो शक्यतो बदलावा. जागा नसेल तर एप्रिलच्या मध्यापासून तो भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरावे, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. कोल्हापूरच्या कडक उन्हात आतली माती चांगली तापते व वरच्या थरातील बुरशी, तणांचे बी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) बऱ्याच प्रमाणात कमी होतात. काळे प्लास्टिक या कामाला तितके उपयोगी नाही. मे संपत आल्यावर हा उपाय आठवला तर तो पुढच्या वर्षासाठी सोडून द्यावा. ढगाळ हवेत त्याचा परिणाम होत नाही.

पाचटाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ते मुबलक मिळते आणि त्याची बाजू घेणारेही मुबलक आहेत. उन्हाळ्यात चार बोटे जाडीचे आच्छादन योग्यच असते. पाऊस लागताच तेच पाचट वाफ्यातील ओल अडवून ठेवते आणि गोगलगायींना दिवसाचे घर मिळते. ते फेकून देऊ नये. बुंध्यापासून वीतभर मागे सारावे, थर निम्मा करावा आणि उरलेले दोन वाफ्यांमधील वाटेवर टाकावे, म्हणजे चिखलही तुडवावा लागत नाही. मातीवर काहीच नसेल तर पावसाचे थेंब माती उडवून खालच्या पानांवर बसवतात आणि टोमॅटोचा करपा त्या मार्गानेही वर चढतो, त्यामुळे पातळ थर हवाच.

हिरवी जाळी मात्र काढावी. जूनमध्ये ऊन आधीच अपुरे असते. जाळीखाली रोपे प्रकाशाकडे झेपावून लांबुडकी, नाजूक होतात आणि अशी रोपे पहिल्याच जोरदार सरीत माना टाकतात. शिवाय जाळीतून पाऊस अडत नाही, केवळ बारीक होऊन पडतो. पाऊस अडवायचा असेल तर वेताच्या किंवा बांबूच्या कमानींवर पारदर्शक प्लास्टिक टाकावे, दोन्ही टोके उघडी ठेवावीत आणि उघडीप मिळताच ते वर सरकवावे.

पेरणी आणि रोपे

बी विरळ टाकणे हा या समस्येवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत कमी पाळला जातो. पाकिटातील सगळे बी एकाच वेळी मुठीने फेकले की रोपे गर्दीत वाढतात, खाली हवा खेळत नाही आणि एक रोप पडले की शेजारची पाच पडतात. वाफ्यावर आडव्या ओळी ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर पाडाव्यात, बी एक सेंटिमीटर खोल टाकावे, आणि निम्मे बी दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या पेरणीसाठी राखून ठेवावे.

पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपकारक बुरशीची पावडर) चोळावे. प्रमाण किलोमागे ५ ग्रॅम असल्याने घरच्या पाकिटासाठी चिमूटभर पुरते. लाल, निळा किंवा हिरवा रंग दिलेले बियाणे बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेले असते. पाकिटावर तसे लिहिलेले असल्यास त्यावर ट्रायकोडर्मा लावून काही साधत नाही, ते शेणखतातून मातीत द्यावे. शंभर किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवावे आणि मग वाफ्यात पसरावे. परसबागेस दहा किलो खत व शंभर ग्रॅम पावडर हे प्रमाण सोयीचे आहे. युरिया रोपवाटिकेत टाकू नये. पाने झटपट गडद होतात, खोड मात्र लुसलुशीत राहते.

लागवड वाफशावर करावी

टोमॅटोचे रोप चार आठवड्यांत, वांगी व मिरचीचे पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगे होते. या मुदतीपेक्षा जमिनीची स्थिती महत्त्वाची आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून त्याच संध्याकाळी छत्री धरून लागवड करण्याचा उत्साह अनेकांत असतो. चिखलात बोटाने दाबून बसवलेल्या रोपाभोवती मातीचा गिलावा होतो आणि नव्या मुळांना हवा मिळत नाही. मूठभर माती घेऊन दाबावी. बोटांतून पाणी आले किंवा चिकट गोळा झाला तर थांबावे. गोळा झाला पण कमरेइतक्या उंचीवरून सोडताच फुटला, तर वाफसा आहे, त्या दिवशी लागवड करावी. ढगाळ दुपार त्यासाठी उत्तम. टोमॅटोचे रोप थोडे खोल लावले तरी खोडाला मुळे फुटतात. वांगी व मिरची मात्र वाफ्यात होती तेवढ्याच खोलीवर लावावीत.

पडझड सुरू झाली असेल तर

पडलेली रोपे आणि त्यांच्याभोवतीची वीतभर माती, तसेच वरून निरोगी दिसणारी कडेची एक-दोन रोपे, काढून टाकावीत. चरीचे तोंड खुले आहे का ते पाहावे. वरून झारीने पाणी देणे बंद करावे. पावसाळ्यातही सवयीने संध्याकाळी झारी फिरवणारी घरे मला माहीत आहेत. त्यानंतर उरलेल्या रोपांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात मिसळून आळवणी करावी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतावे. पाऊस थांबलेला असताना, हातमोजे घालून, लेबलवरील सूचना वाचून हे काम करावे. तांबेयुक्त औषधाने ट्रायकोडर्माही मरते, म्हणून ही दोन्ही एकाच वेळी न देता त्यांत किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. एक दिवस हे, दुसऱ्या दिवशी ते, असे केल्याने दोन्हींचे पैसे पाण्यात जातात.

पाने पिवळी पडत असतील पण खोड ठणठणीत असेल, तर मुळे पाहावीत. ती पांढरी असल्यास पावसाने नत्र वाहून गेले आहे. उघडीप मिळाल्यावर गांडूळखत आणि हलकी खुरपणी पुरेशी होते. मुळे तपकिरी असून त्यांची साल बोटांत निसटत असेल तर खत देऊ नये, आधी पाणी काढून द्यावे.

पाण्याशी भांडण न करणारी पिके

ज्यांच्याकडे खड्ड्यातील पाणी हटतच नाही, त्यांनी त्या कोपऱ्यात टोमॅटोचा हट्ट धरू नये. तिथे अळू लावावा. त्याला पाय ओले असलेलेच आवडतात. दोडका, कारले, काकडी यांचे बी रोपे न करता थेट मातीच्या उंचवट्यावर दोन-तीन टोकावे आणि मांडव लगेच उभारावा, कारण जमिनीवर पसरलेल्या वेलाची फळे जुलैत कुजतात. भेंडी आणि गवार मृगात बरी साधतात. पोकळा व तांबडा माठ पाऊस सोसतात. मेथी व कोथिंबिरीसाठी मात्र आडोसा नसेल तर भर पावसाचे महिने जाऊ द्यावेत. नदीकाठच्या सखल भागातील परड्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. तिथे महाग संकरित रोपे जुलैच्या तोंडावर जमिनीत न लावता पिशव्यांत वाढवून ऑगस्टनंतर लावणे शहाणपणाचे ठरते.

गच्चीवरच्या कुंड्यांना हेच नियम लागू आहेत. खालच्या ताटल्या मे अखेरीस काढून ठेवाव्यात, तळाची भोके तारेने मोकळी करावीत आणि कुंड्या दोन विटांवर ठेवाव्यात. नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भरलेल्या पिशव्या पावसात दिवसेंदिवस निथळत नाहीत. त्यांत एक तृतीयांश जाडसर वाळू किंवा विटांची चाळलेली भुकटी मिसळून मगच जूनची रोपे लावावीत.